जुना वायसर

आई, शेवटी शेवटी तू भिंतीला टेकून बसल्या बसल्याच झोपायचीस. आडवी झालीस की दम लागायचा. दमा म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं, मीही. आता इथे अमेरिकेत, ट्रॉयला लेकाच्या घरी मी तशीच बसते, पाठीला उशा लावून, समोर बर्फ बघत. डॉक्टर म्हणतात, हृदयाची झडप कडक झालीय, बदलायलाच हवी, नाहीतर फार दिवस नाहीत. बदलायच्या दोन तऱ्हा. एकीत छाती कापून, हृदय थांबवून मशीनवर घ्यायचं, जुनी झडप काढायची आणि नवी शिवायची. दुसरीत मांडीतून नळी सरकवायची आणि जुनीच्या आतच नवी उघडायची. जुनी तिथेच, बाजूला चेपलेली. माणूस लवकर घरी येतं, पण ती किती वर्षं टिकेल याची हमी कमी. माझ्या वयाला दोन्ही चालतं म्हणे.

जुनीच्या आत नवी म्हटल्यावर मला तुझा रॉकेलचा स्टोव्हच दिसला. मी पंपाच्या जुन्या वायसरवरच नवा चढवलाय, पंप अडकलाय, आणि तू पळी उगारून उभी आहेस. "भवाने, आधी जुना काढ की! डोकं गहाण ठेवलंयस का?" हे मी लेकाला सांगितलं तर म्हणतो, "आई, हार्ट म्हणजे स्टोव्ह नाही गं. नळीचंच कर, प्लीज." नात म्हणते, "आजी, इट्स युअर चॉइस." डॉक्टरीणबाईही तेच, तुम्हीच ठरवा. मग ती एवढी शिकली कशाला? तू मला शाळेतून काढलंस, लग्न लावलंस, एका शब्दानं विचारलं नाहीस. तेव्हा तुझा राग यायचा. आता सगळे विचारतात तर तुलाच हाका मारते. एकदा ये, ओरड, काहीतरी एक सांग. मुकाट ऐकते.

नाही ना येत. उद्या सकाळी उत्तर द्यायचंय आणि मी मांडीतूनच म्हणणार आहे, तुझी पळी गेली खड्ड्यात. विझवलेला स्टोव्ह पुन्हा पेटेलच, अशी तुला तरी कधी खात्री होती? लेकाला म्हटलंय, मला मरणाचं काही नाही, तुमची रजा वाचावी म्हणून नळी. साफ खोटं. मला अजून जगायचंय, आई. या वयात हे घरात कुणाला सांगायची लाज वाटते. तुला पोचणार नाही, म्हणून तुला सांगितलं.