सड्यावरचे सोळा कंदील

२ एप्रिल १९३७, रत्नागिरी

आज रुजू झाले. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेली मीच पहिली. बी.एस्सी.ही मीच, आणि विमान चालवण्याचा परवानाही माझ्याच नावावर. निघताना बाबा नुसती टोपी नीट करत राहिले.

कंपनीचं एकच दुपंखी विमान आहे. मध्यरात्री आंब्याच्या पेट्या आणि टपाल घेऊन मुंबईला निघायचं, पहाटेच्या बाजाराआधी माल पोचवायचा आणि उजाडायच्या आत परत. इथला विमानतळ म्हणजे सडा, जांभ्या कातळाचं उघडं पठार. एका अंगाला सरळ कडा, खाली समुद्र. उतरायची जागा दिसावी म्हणून दोन ओळींत आठ-आठ कंदील. ते लावते ठमाबाई, दर्यावर मासेमारी करणाऱ्या खारव्यांच्या वाडीतली. मला आपादमस्तक न्याहाळून म्हणाली, "बाय माझे, तू उडवतंस? मग ह्यो रावजी काय करतो, नुसता मिशी पिळतो?" रावजी आमचे मॅनेजर. तेही हसले. मुलीला शिकवून काय होतं, हे आता या गावाला रोज आभाळात दिसेल.

९ एप्रिल

कंदील आधी ठमाबाईचा नवरा आनंदा लावत असे. माघातल्या एका पहाटे तो कड्यावरून पडला, दर्याने नेला, असं कंपनीने तिला कळवलं. प्रेत मिळालं नाही. दर्याने नेलेला किनाऱ्याला लागेपर्यंत त्यांच्या वाडीत बायको बांगड्या फोडत नाही, क्रियाकर्म होत नाही. तिन्हीसांजेला समुद्राकडे तोंड करून दिवा ठेवायचा आणि वाट बघायची. तिला शंका आहे. मला म्हणाली, "तू शिकलेली. माज्या घोवाला दर्यानंच न्हेला काय, तेवढा बघ. नसंल न्हेला, तर मी कुणाची वाट बघतंय?"

खरं शोधून सांगेन, असं वचन दिलं.

१५ एप्रिल

पेट्या चढवणाऱ्या धोंडूने आज सांगितलं. त्या पहाटे धुकं होतं. आधीचा वैमानिक दिशा चुकेल म्हणून आनंदा कंदील हलवत ओळींच्या मधोमध उभा राहिला. विमानाने त्याला उडवलं. रावजींनी उजाडायच्या आत प्रेत कड्यावरून टाकायला लावलं. "पाय मी धरलेले, बाय," धोंडू म्हणाला आणि आपल्याच तळहातांकडे बघत राहिला.

१६ एप्रिल

रावजींनी नाकारलं नाही. म्हणाले, "सांगा की! चौकशी होईल, विमान अडकून पडेल. मग बाईमाणसाला विमान देणारी दुसरी कंपनी दाखवा, मी स्वतः तुमची ट्रंक उचलतो."

मोठ्या विमानांच्या परवान्याला मला अजून साठ तासांचं उड्डाण हवं आहे. संध्याकाळी ठमाबाईने विचारलं. मी म्हणाले, कागदपत्रांत तसंच आहे. दर्यानेच नेलं. ती मला हात जोडून गेली.

२१ एप्रिल

परतताना वरून कंदील मोजले. सतरा. सतरावा ओळींच्या मधोमध, हलणारा. खाली येताच नाहीसा झाला. ठमाबाई देवाची शपथ घेऊन सांगते, सोळाच लावले.

२४ एप्रिल

आज दोन ठिकाणी ओळी दिसल्या. एक सड्यावर, दुसरी कड्यापलीकडे, जिथे खाली फक्त पाणी आहे. तिकडेच निघाले होते. ऐनवेळी होकायंत्र पाहिलं म्हणून—

रावजी म्हणाले, बी.एस्सी. झालेल्यांनाही भुतं दिसतात का? मीही त्यांच्याबरोबर हसले.

२६ एप्रिल

ठमाबाईच्या दारापर्यंत गेले. उंबऱ्याशी दिवा जळत होता. आत ती कुणाशी तरी बोलत होती. घरात ती एकटीच असते. परत फिरले.

अजून वीस तास. मग सांगेन.

२९ एप्रिल, पहाटे, विमानात

धुकं. चार फेऱ्या झाल्या. पेट्रोल तळाला. एका हाताने लिहिते आहे.

खाली दोन जागी कंदील. दोन्हीकडे सोळा. होकायंत्र नुसतं गरगरतंय—

ठमाबाई, ही वही मिळाली तर कुणाकडून तरी वाचून घे. आनंदाला दर्याने नेलं नाही. कंपनीच्या विमानाने मारलं. धोंडूला विचार. मला पंधरा दिवस माहीत होतं. मी तुझ्याशी खोटं बोलले, नोकरीसाठी—

एकीकडचे कंदील विझले. एकदम सगळे.

राहिली ती खरी ओळ. कातळ दिसतोय. उतरते—

मधोमध कुणीतरी. कंदील हलवतंय. आनंदाच असेल तर सरळ त्याच्यातून—

नाही. लुगडं आहे. पदर उडतोय. ठमाबाई, मी चुकेन म्हणून तू—

इंजिन थांबलं. उजवीकडे माणसं आणि पेट्या. डावीकडे कडा.

बाजूला हो ठमा— नको, तू नको हलूस, मीच डावी—