बुजत नाही म्हणून घेतलेली घोडी

निमोणे, ता. शिरूर
९ फेब्रुवारी २०२५

ती. सिंधूअक्कास,
रोहिदासचा सा. नमस्कार वि. वि.

फोनवर बोलायला लागलो की माझा आवाज चढतो आन् तू फोन ठेवून देतेस, म्हणून लिहितोय. शाळेत बाई होतीस, चुका काढशील तर काढ, पण शेवटपर्यंत वाच.

वरातीला नवी घोडी घेतली हे तुला म्हाईत हाय. जुनी थकली, म्हणून मोबाइलवर जनावरांचा लिलाव असतो त्यात बोली लावली. फोटोत पांढरीशुभ्र, नाव शेवंती. खाली लिहिलेलं मला पाठ झालंय. शांत हाय, डीजे, फटाके, हॉर्न, कशालाच बुजत न्हाई. आन् वडगाव रासाईला एका लग्नात खरंच तसं झालं. डीजेनं माणसं कानावर हात ठेवत होती, ही खांबासारखी उभी. नवरदेवाचे मामा माझी पाठ थोपटून गेले.

पण घरी हाक मारली तर वळंना, थांब म्हटलं तर थांबंना. मला वाटलं, अडेल हाय. मंगळवारी तुझी भावजय सारिका शेण काढायला तिच्या मागं गेली. नेहमीसारखी बोलत बोलतच गेली आन् पाठीवर हात ठेवला, तशी घोडीनं दचकून लाथ झाडली. सारिकाचं उजवं मनगट मोडलं. प्लास्टर घातलंय. जनावरांचे डॉक्टर शिरूरवरनं आले, त्यांनी घोडीच्या मागं पत्र्याचा डबा बडवला. तिचा कान सुदिक हलला न्हाई. म्हणाले, बुजंल कशी? तिला ऐकायलाच येत न्हाई.

लिलाववाल्यांकडं तक्रार केली. तिथली बाई म्हणते, वर्णनातलं कुठलं वाक्य खोटं आहे ते दाखवा. अक्का, एकबी न्हाई! तवापासून नुसता अंगणात फेऱ्या मारतोय. ताटावर बसलो तरी मधीच उठतो. विकणारी तुझ्याच वरवंडची हाय, राजनंदिनी म्हणून. तिचं नाव, नंबर घालून व्हिडिओ केला आन् सगळ्या ग्रुपवर सोडलाय. तू ओळखतेस का तिला?

दाजींना नमस्कार. मी कितीबी तडकलो तरी तुझा लोभ तडकू देऊ नको.

तुझा,
रोहिदास


वरवंड, ता. दौंड
१५ फेब्रुवारी

चि. रोहिदास यास,
अक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र शेवटपर्यंत वाचलं. चुका मोजायचं निम्म्यात सोडून दिलं. सारिकाला पाण्याचा हंडासुद्धा उचलू देऊ नकोस. ती नाही म्हणेल, तू ऐकू नकोस.

राजनंदिनी माझ्या वर्गात होती. अक्षर छान, बोलणं कमी. तिचे वडील बाळासो म्हणजे घोड्यांवर जीव असलेला माणूस. दिवाळीत त्यांच्या अंगावरून वारं गेलं, तेव्हापासून अंथरुणावर आहेत. शेवंती त्यांच्याच दावणीला जन्मली. काल मी तिच्या घरी गेले. चहा उकळेपर्यंत तिचा फोन सारखा वाजत होता आणि प्रत्येक वेळी तिचा चेहरा उतरत होता. तुझा व्हिडिओ बघून कुणीही उठतं आणि तिला घाण घाण बोलतं.

मी सरळ विचारलं, बहिरी आहे हे का लिहिलं नाहीस? म्हणाली, बाई, आधी दारात येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते. सांगितलं की माणूस निघून जायचा. टिकला तो एकच, वीटभट्टीवर जनावरं जुंपणारा. म्हणून ते एक वाक्य गाळलं. बोली लावणाऱ्यांत तुमच्या भावाचा फोटो पाहिला, त्यात मागं त्यांची म्हातारी घोडी अजून दावणीला होती. वाटलं, इथं आमची शेवंती नीट राहील.

मी म्हणाले, जे वाक्य तू गाळलंस, त्यानंच आमच्या सारिकाचा हात मोडला. त्यावर तिनं वाजणारा फोन बंद केला. मग माझ्यासमोरच तिनं लिलावाच्या कंपनीला लिहिलं, की तक्रार बरोबर आहे, मी माहिती लपवली, घोडी परत घेते.

आता तुझ्याकडे वळते. तुझी तक्रार खरी आहे, पण तो व्हिडिओ आधी काढ. तिच्या वडिलांना बोलता येत नाही रे, ऐकू मात्र सगळं येतं.

आणखी एक. घोडी अडेल वाटली, असं लिहिलंस. अडेल वाटल्यावर तू काय केलंस, ते पत्रात नाही.

रागावलास तरी चालेल, पण पत्र लिही. माया आहे म्हणूनच विचारते.

तुझी,
अक्का


निमोणे
२१ फेब्रुवारी

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

व्हिडिओ काढला. सारिकानंबी तेच सांगितलं होतं. पण पसरलेला आता कुठनं कुठनं गोळा करू? एकानं त्याला गाणं लावून परत टाकलाय. मी त्याला फोन केला, तर मलाच म्हणतो, दादा, लोकं लई हसत्यात, राहू द्या की.

कंपनीनं तक्रार मान्य केली. राजनंदिनी घोडी न्यायला येणार हाय. मी जिंकलो म्हणायचं. मग आनंद का होईना, ते कळत न्हाई. गोठ्यात जातो, बाहेर येतो, परत जातो. घोडी डोळ्यांनी माझ्या मागं मागं फिरती.

तू विचारलंस त्याचं आज लिहीत न्हाई. माझ्यावरचा लोभ तेवढा धरून ठेव.

रोहिदास


निमोणे
३ मार्च

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

तुझं उत्तर यायच्या आधीच लिहितोय, कारण आत ठेवता येत न्हाई.

काल राजनंदिनी पिकअप घेऊन आली. तिला काय काय सुनवायचं ते मी ठरवून ठेवलं होतं. ती गोठ्याकडं सरळ गेली न्हाई. लांबून वळसा घातला, घोडीला समोरनं दिसंल असा, आन् हात वर केला. शेवंती मान खाली घालून चालत तिच्यापाशी गेली. मी ओरडून ओरडून घसा बसवला होता, तिला नुसता तळहात पुरला.

मग ती घोडीच्या अंगावरनं हात फिरवायला लागली आन् मागच्या मांडीपाशी थांबली. वळ होते. अक्का, अडेल वाटली तवा मी मारलं. चाबकानं. सारिकाचा हात मोडला त्या दिवशी तर लई मारलं. राजनंदिनीनं विचारलं, कुणी? म्हटलं, मी. आन् लगेच म्हटलं, तू लिहिलं असतंस तर मारलं नसतं.

ती हौदाच्या कडेवर बसली. रडली. मग उठून सारिकाचा प्लास्टरचा हात हातात घेतला आन् माफी मागितली. मला म्हणाली, काका, तुमचं बरोबर आहे, मी लिहिलं नाही म्हणून तिनं मार खाल्ला. पण तिला ऐकू येत असतं आणि तरी तिनं ऐकलं नसतं, तर मारलंच असतं ना?

 पिकअपचं फळकं लावताना मी म्हटलं, राहू दे तिला इथं, आता मला कळलंय, पैसे परत नको. तिनं न्हाई म्हणून मान हलवली आन् गाडी गेली. तिच्या रिकाम्या खुंट्यापाशी मी उगंच गवत टाकून आलो.

तुला माझी लाज वाटत असंल. वाटू दे. पण पत्र थांबवू नको.

रोहिदास


वरवंड
९ मार्च

चि. रोहिदास यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

लाज वाटली, खोटं कशाला सांगू? पण तू लिहिलंस, म्हणून दोन घास तरी घशाखाली उतरले.

माफीचा व्हिडिओ टाकलास तो पाहिला. सगळा वेळ स्वतःच्या चपलेकडे बघत होतास, तरी बरा झालाय. मी तो बाळासोंना दाखवला. त्यांनी पुन्हा लाव अशी खूण केली. फोन आता बरेच कमी झालेत.

तू न सांगताच तुझ्यासाठी शब्द टाकला. राजनंदिनी म्हणते, आता फोटोवर विकणार नाही. ज्याला हवी त्यानं यावं, शेवंतीसमोर उभं राहावं. ती आपणहून जवळ गेली तर पुढचं बोलू. तुझ्याबद्दल विचारलं, तर म्हणाली, त्यांनाही हाच नियम.

सारिकाच्या हाताचं कळव. तुझ्यावरची माया काही फोनसारखी बंद होत नाही, हे ध्यानात ठेव.

अक्का


निमोणे
२० मार्च

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

काल वरवंडला येऊन गेलो आन् तुझ्याकडं आलो न्हाई. तोंड दाखवायचा धीर झाला न्हाई, रागावू नको. सारिकाचं प्लास्टर निघालं, बोटं हलत्यात.

बाळासोंच्या पाया पडलो. त्यांनी चांगला हात माझ्या डोक्यावर टेकवला, मला वाटलं होतं ढकलतील. मग अंगणात गेलो. राजनंदिनीनं दाखवलं तसा वळसा घालून समोर उभा राहिलो आन् तळहात वर केला. शेवंतीनं मला बघितलं. कान मागं पाडले आन् मागं मागं सरत भिंतीला टेकली. अक्का, तिला वाटलं, मी मारायलाच हात उचललाय.

मी हात खाली घेतला. राजनंदिनी म्हणाली, आज नको. चहा दिला, तो तसाच निवला. निघताना विचारलं, परत येऊ का? म्हणाली, या. पण हात मागं धरून येऊ नका, रिकामा आहे ते तिला दिसू द्या.

तर पुढल्या आठवड्यात परत येतोय. घोडी मागायला न्हाई. तिला दिसंल असा नुसता उभा राहीन, हात खाली सोडून. ती आली न्हाई तर त्याच्या पुढल्या आठवड्यात येईन. ह्या वेळी जेवायला मात्र तुझ्याकडंच. आल्यावर काय बोलायचं ते बोल, पण मला दारातनं परत पाठवू नको.

तुझा,
रोहिदास