उमाला पाठवलेल्या कॅसेटी

३ फेब्रुवारी १९८७, मंगळवार
उमा सकाळच्या गाडीनं माहेरी गेली. अजिंठ्याला. आठ दिवसांसाठी. सोबत ट्रंक, दोन्ही स्वेटर आणि शिलाई मशीन. आठ दिवसांना मशीन कशाला, असं विचारलं. ती मशीनला दोरी बांधत होती. तिकडे कापड चांगलं मिळत असेल.

जाताना एवढंच म्हणाली, की तिथं जरा शांत वाटेल. बरोबर आहे. वरच्या मजल्यावरच्या द्वारकाबाई दिवसभर खलबत्ता कुटतात. माणसाला त्रास होणारच.

संकल्प: ती येईपर्यंत सगळ्या कॅसेटी रागवार लावणे.

८ फेब्रुवारी, रविवार, सकाळी ९
लग्नाला अकरा वर्षं झाली, रविवारची बैठक आज पहिल्यांदा एकट्यानं केली. बैठक म्हणजे चहा, टेप आणि समोर उमा. मी एक ओळ ऐकवतो, पॉजचं बटण दाबतो, त्यातली जागा समजावून सांगतो, मग पुढची ओळ. एका ठुमरीला दीड तास सहज जातो. उमा मान खाली घालून भाजी निवडत असते, एक शब्द बोलत नाही. इतकी तल्लीन श्रोती पुण्यातसुद्धा मिळायची नाही.

आज सवयीनं पॉज दाबला आणि निषाद समजावला. समोर मेथीची जुडी होती.

१२ फेब्रुवारी, गुरुवार
आठ दिवस उलटले. उमा नाही. सासऱ्यांचं, तात्यासाहेबांचं, कार्ड आलं. "चि. उमाची प्रकृती उत्तम. झोप चांगली लागते. काळजी नसावी."

काळजी वाढली. धडधाकट बाई माहेरी जाऊन झोपा काढते याचा अर्थ काय? मन उपाशी आहे. दहा दिवस कानावर एक सूर नाही.

उपाय सुचला. कॅसेट भरून पाठवायची.

१४ फेब्रुवारी, शनिवार
औरंगपुऱ्यात रामकिसनच्या दुकानात गेलो. हा माणूस यादी दिली की त्याबरहुकूम कोरी कॅसेट भरून देतो. दुकानात ही गर्दी. जो तो दुसऱ्याची यादी वाकून बघतो, सध्या काय ऐकताय म्हणून विचारतो. माझी यादी कुणी बघितली नाही. वजनदार होती.

रामकिसन म्हणाला, "साहेब, वहिनीसाठी हाय तर मधी दोन फिल्मी टाका की. लई चालू हायेत सध्या." त्याला वीस मिनिटं समजावलं. शेवटी त्यानं हात जोडले. पटलं असावं.

नव्वद मिनिटांची कॅसेट. सोबत सात पानांची चिठ्ठी, कुठं थांबवायचं त्याची. 'इथे पॉज. डोळे मीट. पुन्हा मागे घे.' शेवटी लिहिलं, 'सध्या काय ऐकतेस, कळव.' कॅसेटच्या मागचे प्लास्टिकचे तुकडे स्वतः तोडले, म्हणजे त्यावर पुन्हा दुसरं काही भरता येत नाही. माझ्या निवडीवर कुणी काही भरायला नको.

१७ फेब्रुवारी, मंगळवार
जळगाव गाडीवरचा कंडक्टर बन्सी अजिंठ्याचाच आहे. त्याच्या हाती पुडकं दिलं. उमा ऐकता ऐकताच बॅग भरायला घेईल. गुरुवारी येईल. फार तर शुक्रवारी.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार
तिसरी कॅसेट पाठवली. उत्तर नाही.

बन्सी म्हणाला, "ताई बालवाडीवर शिकवायला जायला लागल्यात. लई खुशीत हायेत." बदली कामावर असेल, कुणाच्या तरी रजेपुरतं. लहान मुलांना सुरांची ओळख करून देत असणार. माझी चिठ्ठी वाया गेली नाही.

दूध दोनदा उतू गेलं.

५ मार्च, गुरुवार
सर्वनाश.

बन्सीनं आज विचारलं, "साहेब, त्या कॅसेटी लावायच्या कशावर वो? तात्यासाहेबाकडं टेप कुठंय?"

नाही. तात्यासाहेबांकडे टेप नाही. रेडिओ आहे, त्यातल्या सेलला पाणी सुटलंय. मला हे माहीत होतं. अकरा दिवाळ्या त्या घरात काढल्यात. तरी तीन कॅसेटी पाठवल्या. बन्सी म्हणाला, उमानं त्या फडताळात ओळीनं मांडून ठेवल्यात.

सायंकाळी: पण यातून एक गोष्ट सिद्ध होते. ती गप्प आहे कारण तिनं काही ऐकलेलंच नाही! ऐकलं असतं तर केव्हाच आली असती. बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवलो.

८ मार्च, रविवार
टेप पाठवला.

माझा. जपानी टू-इन-वन, कुवेतहून आणवलेला. स्पिरिटनं हेड पुसून दिलं. लग्नातल्या शालीत गुंडाळला. बन्सीनं तो स्वतःच्या सीटवर ठेवला, हे त्याचे उपकार. चिठ्ठीत लिहिलं, 'पाडव्यापर्यंत ये. येताना टेप आण.' गाडी वळेपर्यंत उभा होतो. खरं लिहायचं तर रडलो. टेपसाठी की उमासाठी, हे ठरवत बसलो नाही.

१६ मार्च, सोमवार
द्वारकाबाई खाली आल्या. म्हणाल्या, "भाऊ, बरं नाय का? आठ दिस झाले, टेपचा आवाज नाय." वर सांगितलं, की त्यांचं ब्लडप्रेशर उतरलंय, डॉक्टरांनी गोळी अर्ध्यावर आणली. अरसिक बाई.

घर खायला उठतं. ऑफिसातून मुद्दाम उशिरा निघतो.

आज एक भलतीच गोष्ट झाली. उमाचा आवाज आठवेना. माझ्या कॅसेटीतली प्रत्येक गायिका कुठं श्वास घेते ते मला पाठ आहे. उमा 'अहो' म्हणते ते कसं, हे संध्याकाळभर आठवत बसलो. आलं नाही. ती बोलायची तेव्हा टेप चालू असायचा, बहुधा.

२४ मार्च, मंगळवार
चार दिवस रोज स्टँडवर. बन्सी मला बघून गाडीच्या मागल्या बाजूनं उतरतो.

आज पोस्टानं पत्र टाकलं. फिल्मी गाणी चालतील, असं कबूल केलं. आठवड्याला दोन. घरी येऊन ते मनातल्या मनात पुन्हा वाचलं आणि वाटलं, चार लिहायला हवी होती. पत्राच्या शेवटी 'कृपया' लिहिलंय. बायकोला कृपया म्हणून कोण लिहितं? पण लिहिलं.

३० मार्च, पाडवा, सकाळी १०
गुढी उभारली. एका बाजूला कललीय. एकट्यानं काठी धरून बांधता येत नाही. श्रीखंड दोघांपुरतं आणलंय. तिच्या बाजूच्या खुर्चीवरची वर्तमानपत्रं काढली. अकराच्या गाडीला जातो. ती येणार. सणाला येणारच.

तोच दिवस, दुपारी १२
उमा आली नाही. बन्सीनं पुडकं दिलं. आत मी पाठवलेली पहिली कॅसेट. मागच्या तोडलेल्या जागी चिकटपट्टी लावलीय, म्हणजे तिनं तिच्यावर काहीतरी भरलंय! लेबलवर तिच्या अक्षरात 'तुमच्यासाठी'.

ऐकणार कशावर? टेप अजिंठ्यात.

रामकिसनकडे पळतो. आज मुहूर्ताला दुकान उघडं असेल.

तोच दिवस, संध्याकाळी
लिहून टाकतो.

दुकानात पंधरा-वीस गिऱ्हाईकं. मी हळू लाव म्हणायच्या आत रामकिसननं कॅसेट मोठ्या मशीनला लावली. आवाज बाहेरच्या स्पीकरवर. रस्त्यावर.

"अहो," उमा म्हणाली.

लगेच ओळखला. माझा हात आपोआप पॉजकडे गेला. त्या 'अहो'बद्दल लोकांना सांगायचं होतं. रामकिसननं मनगट धरलं. म्हणाला, "साहेब, पुरतं होऊ द्या की."

"अहो, तुम्ही विचारलं होतं, सध्या काय ऐकतेस. तुमच्याच कॅसेटी ऐकते. बालवाडीतून आले की लावते. फार छान आहेत हो. अकरा वर्षं ऐकत होते, पण एक गाणं सलग ऐकलं नव्हतं. मधी कुणी थांबवलं नाही तर ते कुठं जातं, हे इथं कळलं. चिठ्ठ्या मात्र वाचल्या नाहीत, रागवू नका. बालवाडीचं काम आता कायमचं झालंय. मी इथंच राहते. बाकीच्या दोन कॅसेटी आणि टेप तेवढा राहू द्या."

मग खट्ट आवाज आणि तिच्या बोलण्याच्या खालून माझी ठुमरी मधूनच वर आली. कुणी हललं नाही. मीही नाही. ठुमरी संपेपर्यंत सगळे उभे होते. मी ती कधी न थांबवता ऐकली नव्हती.

एक पागोटेवाला म्हातारा म्हणाला, "कोणाचं हाय हे? मलाबी भरून द्या." रामकिसननं माझ्याकडे बोट केलं. "साहेबांना इचारा. त्यांना सगळं ठाव हाय."

सगळे माझ्याकडे वळले. मी काय सांगतो, म्हणून एवढी माणसं थांबलेली आयुष्यात पहिल्यांदा बघितली. मला काही सांगता आलं नाही.