चौकटीचा हिशोब

प्रिय ठकू,

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळं ठीक आहे. आपलं फोनवरचं बोलणं हल्ली "जेवलात का" आणि "औषधं घेता ना" एवढ्यावर येऊन थांबतं, आणि मला सांगायचंय ते त्यात मावत नाही. शिवाय नमनाला घडाभर तेल ही माझी जुनी खोड. फोनवर तू "बाबा, मुद्द्यावर या" म्हणतेस. कागद बिचारा काही म्हणत नाही.

तर पहिली बातमी. तुझा बाप कॉम्प्युटरच्या क्लासला जातो. हसून घे, मी थांबतो. वह्यापुस्तकांच्या दुकानावर जी लांबट खोली आहे ना, तिथे. पहिल्या दिवशी दारात उभा राहिलो तर एक मुलगी उठून म्हणाली, "काका, तो कोपऱ्यातला पंखा बिघडलाय." तिला वाटलं मी दुरुस्तीला आलोय. मी आधी पंखा बघितला, मग फी भरली. शिकवणाऱ्या मॅडम तुझ्या वयाच्या असतील. त्याही मला काकाच म्हणतात, पण चुकलं की गय करत नाहीत.

तू म्हणशील, हे खूळ कुठून आलं? त्याला कारण तुझी आई. तिला अर्धांगाचा झटका आला तेव्हा तू येऊन राहिली होतीस, पण तू परत गेलीस त्यानंतरचं तुला तुकड्यातुकड्यानेच कळलं. तिचं चालणं सुधारलं. उजवा हात पुष्कळ सुटला. गेले ते शब्द, आणि त्यांच्याबरोबर आकडे. आठवतं ना, गिऱ्हाईक फोटो काउंटरवर ठेवायचा आणि टेप खाली ठेवायच्या आत आई फ्रेमला किती पट्टी लागेल ते सांगून मोकळी व्हायची. मी फक्त कापायचो. फ्रेमचे कोपरे असे जुळवायचो की नखही आत शिरू नये, पण बेरीज करायला बसलो की घाम फुटायचा. "हात सोन्याचा, हिशोब मातीचा," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. आता ती घरी खिडकीशी बसते, खोलीकडे पाठ करून. मी दुकानातून आलो की बोलत सुटतो. अमका आला होता, तमक्याने काच फोडली. मध्येच माझ्या लक्षात येतं की मला कोणी अडवत नाहीये. घरात माणसं दोन आणि आवाज एकच, तोही माझा. भांडायला कोणी नसलं की दोन खोल्यांचं घरसुद्धा किती मोठं होतं, ते मी तुला फोनवर कसं सांगणार?

तिला बोलणं शिकवायला ज्या बाई येतात त्या म्हणाल्या, की हिला हिच्या ओळखीच्या कामाला लावा, रिकामं बसवू नका. आकडा दिसला तर ती बघून जसाच्या तसा उतरवू शकते. त्या आकड्याचं पुढे करायचं काय, तेवढं हरवलंय. मी तिच्यापुढे कॅल्क्युलेटर ठेवून पाहिला, तर अधिकचं बटण की गुणिलेचं, यातच ती अडकली आणि तो उलटा करून ठेवून दिला. तेव्हा मनात आलं, पडद्यावर नुसते दोन रकाने असावेत. एकात लांबी, एकात रुंदी, खाली एकच बटण. टेपवर दिसलं ते तिने रकान्यात भरायचं, बटण दाबायचं, किती इंच पट्टी ते खाली उमटेल. तू मागे ठेवून गेलेला कॉम्प्युटर दुकानात धूळ खात होताच. आता तू म्हणशील, मला सांगायचं, मी तयार प्रोग्राम पाठवला असता. असतास. पण संध्याकाळ कुठेतरी घालवायचीही होती गं. शेजारच्या टेलरवहिनी तेवढा वेळ आईजवळ शिवण घेऊन बसतात. मी क्लासला जातो, तिथे निदान कोणीतरी माझ्यावर ओरडतं.

रकाने जमले, बटण जमलं. मोठ्या दिमाखात एकात बारा भरले, एकात अठरा, म्हटलं आधी नुसती बेरीज करून बघू. बटण दाबलं तर उत्तर आलं बाराशे अठरा! मी म्हटलं, मॅडम, हे यंत्र माझ्यावर गेलंय. त्या म्हणाल्या, "काका, तुमच्या लेखी ते आकडे आहेत. त्याच्या लेखी रकान्यात टाइप केलेलं सगळं अक्षरंच. अक्षरं एकापुढे एक ठेवतात, तशी त्याने ठेवली. हे आकडे आहेत असं त्याला आधी सांगावं लागतं." सांगितलं. तीस आले. इतका आनंद झाला की घरी पोचेपर्यंत ती हकिगत मनात तीनदा घोळवली. खिडकीशी जाऊन आईला सांगितली, अगदी हातवारे करून. तिने ऐकून घेतलं, माझ्या शर्टाचं सुटलेलं बटण लावलं आणि पुन्हा बाहेर बघायला लागली.

मग पुढची भानगड. चारही बाजू मिळून किती, हे काढायचं तर लांबी आणि रुंदी मिळवून दुप्पट. बारा-अठराच्या फोटोला साठ इंच, हे मलाही कळतं. यंत्र म्हणे अठ्ठेचाळीस. मी हात टेकले. तेव्हा मॅडमनी एक युक्ती दाखवली. ज्या ओळीवर संशय, तिच्यापुढे लाल ठिपका ठेवायचा. प्रोग्राम तिथवर येऊन थांबतो, आणि त्या घडीला कुणाच्या पोटात काय आहे ते उघड दिसतं. मग एकेक ओळ आपण हाताला धरून पुढे न्यायची. तसं नेलं तर चोर सापडला. मी कंस घातला नव्हता, म्हणून ते आधी अठराची दुप्पट करून मग बारा मिळवत होतं. कंस घातला, साठ आले. त्या दिवशी घरी गेलो तर आई स्वयंपाकघरात चमचा हातात घेऊन उभी होती. काहीतरी करायला उठली होती आणि मध्येच थांबली होती. टेलरवहिनी म्हणाल्या, "मघापासून अशाच आहेत, भाऊजी." तिला काय हवंय ते मला कळेना, तिला सांगता येईना. मी चहाचा डबा दाखवला, साखर दाखवली, पाण्याचं भांडं दाखवलं. ती नुसती मान हलवत राहिली. शेवटी मी दुसरा चमचा घेतला आणि तिच्याशेजारी उभा राहिलो. दुसरं काय करणार?

कोपरे तिरके कापावे लागतात, त्यासाठी पट्टीच्या रुंदीच्या आठपट जास्त धरावी लागते, म्हणजे आपल्या इंचभर रुंद पट्टीला आठ इंच. तेही बसवलं आणि प्रोग्राम दुकानात लावला. पण आईच्या आधी मीच वापरून बघायचं ठरवलं. ते बरं झालं. एक बसड्रायव्हर बाई निवृत्त होत होत्या, त्यांच्या सोबत्यांनी सगळ्यांचा मिळून काढलेला फोटो फ्रेमला आणला. लांबी अठरा, रुंदी साडेबारा. यंत्राने सांगितली तेवढी पट्टी मी कापली, तिचे तुकडे करायला बसलो, तर चौथी बाजू इंचभर आखूड. रुंदी ठेवायला मी प्रोग्राममध्ये जी जागा केली होती तिथे पूर्ण आकडाच मावत होता, अर्धा त्याने परस्पर गाळला. साडेबाराचे बारा झाले आणि माझे वाजले. समारंभ दुसऱ्या दिवशी होता. नवी पट्टी घेऊन सगळं पुन्हा केलं, फोटो वेळेवर गेला. पण ती वाया गेलेली पट्टी हातात धरून मी बराच वेळ बसलो होतो. आई असती तर म्हणाली असती... बघ, असं लिहून गेलो. आई आहे. घरीच आहे. आणि तरी माझ्या तोंडी असंच येतं.

ती चूक काढली आणि एका सकाळी आईला दुकानात घेऊन गेलो. तिने काउंटरवरून हात फिरवला, धूळ बोटाला लागली ती मला दाखवली. चला, सुरुवात तर ओळखीची झाली! पहिलं गिऱ्हाईक आलं, चित्र आठ बाय दहाचं. मी टेप धरली. तिने आकडे बघून एका बोटाने एकेक रकाना भरला आणि बटण दाबलं. चव्वेचाळीस. बरोब्बर. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, पण मी नुसता मान डोलावून पट्टी काढायला वळलो, जसं काही रोजचंच आहे.

मग एक बाई आल्या. त्यांची मांजर गेली होती, तिचा हातावर मावेल एवढा फोटो होता, चार बाय सहाचा. आईने तो बराच वेळ बघितला. मग रकाने भरले, बटण दाबलं. पडद्यावर आलं ते बरोबर आहे का, हे मी बघितलंच नाही. चूक निघायची होती तेवढी निघाली, याच भरवशावर होतो. सांगितलेला आकडा घेऊन पट्टीवर खूण करायला लागलो. तेवढ्यात आईने माझं मनगट धरलं. मी म्हटलं, काय गं, दमलीस का, घरी जायचंय का? तिने मान हलवली. ती उठली, त्या लांब पट्टीचं टोक तिने काउंटरवर ओढलं, मांजरीचा फोटो तिच्याशेजारी ठेवला आणि त्याच्या कडांवरून बोट फिरवलं. वर, खाली, दोन्ही बाजूंनी. मग पट्टीवर हात ठेवला, माझ्या खुणेच्या कितीतरी अलीकडे. "एवढी," ती म्हणाली. माझ्या खुणेकडे बोट करून म्हणाली, "एवढी... नाही."

मी टेप लावली. तिने हात ठेवला होता तिथे अठ्ठावीसच्या आसपास भरत होतं. हिशोबाने अठ्ठावीसच हवी होती. यंत्र म्हणत होतं बहात्तर. पहिल्या गिऱ्हाइकाचे चव्वेचाळीस त्याने पोटात तसेच ठेवले होते आणि दुसऱ्याचे त्यात मिळवले होते. मॅडम नंतर म्हणाल्या, की नवा हिशोब सुरू करताना बेरीज शून्यावर आणायची ओळ मी लिहिलीच नव्हती, आणि ही चूक दुसऱ्या वेळेखेरीज दिसतच नाही. पण ते नंतरचं. त्या वेळी मांजरवाल्या बाई आमच्याकडे बघत होत्या, मी टेप धरून उभा होतो, आणि तुझी आई माझ्याकडे बघत होती. तीच नजर, ठकू. माझा हिशोब मातीचा आहे हे पुन्हा एकदा सिद्ध झाल्याची. एरवी मी चिडलो असतो. मी आत जाऊन काच पुसत बसलो, पुसून झालेलीच.

ती बरी झाली असं समजू नकोस. काही दिवस अठराचे एक्क्याऐंशी भरते. काही दिवस काउंटरशी बसते आणि कशालाच हात लावत नाही. घरी आलो की ती खिडकीशी आणि मी भिंतीशी, हे अजून तसंच आहे. पण दुकानात मी खूण केली की तिच्याकडे बघतो. ती पट्टीकडे बघते, फोटोकडे बघते, आणि हो किंवा नाही म्हणते. दिवसातून होणारं आमचं एवढंच बोलणं. मी त्यासाठी लवकर उठतो.

आता मुद्द्यावर येतो. मागे तू आईशी फोनवर बोललीस तेव्हा ती तुला "हो ताई, बरं ताई" म्हणत होती, गिऱ्हाइकाशी बोलावं तसं. तू काही न बोलता फोन ठेवलास. त्यानंतर तुझा फोन येतो तो, ती माझ्याजवळ नसेल अशाच वेळी. मी तुला बोल लावत नाही, बाळा. मला ती सध्या "मास्तर" म्हणते. इतक्या वर्षांचं "अहो" कुठे गेलं कुणास ठाऊक. पहिल्यांदा मीही मागे वळून बघितलं होतं, कोण मास्तर आलाय म्हणून. परवा दुकानात काम नव्हतं तेव्हा तिने फोन माझ्याकडे सरकवला आणि माझ्याकडे बघत राहिली. मी विचारलं, "ठकूला लावू?" तिने मान डोलावली. मी दहा आकड्यांपैकी निम्मे दाबले आणि फोन खाली ठेवला. म्हटलं, आधी तुला लिहावं. तर तू दुपारी दुकानाच्या फोनवर कर. मी उचलणार नाही, तीच उचलेल. एका वेळी एकच गोष्ट विचार. शब्द अडला तर तू पुरवू नकोस, वाट बघ, कितीही वेळ लागला तरी. आणि ती तुला ज्या नावाने हाक मारेल, त्या नावाला ओ दे.

वाट बघणारा,
तुझाच
बाबा