पाल्य न उरलेल्या पालकाला पथकात ठेवण्याबाबत

प्रति,
मा. विभागीय संघटक,
स्काउट पथके, विभागीय कार्यालय, दुसरा मजला.

विषय : पथकात पाल्य नसतानाही सहायक स्वयंसेविका म्हणून काम करू देण्याबाबत.

संदर्भ : १) माझे पालक-स्वयंसेवक पद रद्द केल्याचे आपले पत्र. २) 'एका व्यक्तीचे सहा पाल्य' याबाबत खुलासा मागणारी आपली नोटीस.

महोदय,

१. मी खाली सही करणारी, पडदे आणि गाद्यांच्या खोळी शिवून पोट भरणारी बाई, शाळेच्या मैदानावर दर शनिवारी भरणाऱ्या पथकाची सहायक आहे. पथकाचे प्रमुख निवृत्त पोस्टमन असून त्यांना सगळे पोस्टमनकाका म्हणतात. माझा मुलगा पथकात नवा असताना पालकसभेत काकांनी विचारले, "फाटका तंबू कुणाला शिवता येईल?" मी हात वर केला. शेजारी बसलेल्या मुलाने मला कोपराने ढोसले, कारण आई मैदानावर आली की त्याची मजा संपली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तंबू शिवून झाला, पण मला सोडले कुणी नाही. पुढे दोऱ्या, खुंट्या, प्रथमोपचाराची पेटी आणि रडकी मुले हे सगळे खाते माझ्याकडे आले. अशा कामाला पगार नसतो हे आपणांस ठाऊकच आहे. पथके चालतात ती अशाच हात वर करून फसलेल्या माणसांवर.

२. माझा मुलगा पुढे पथकातल्या एका संघाचा नायक झाला. त्याच्या हाताखाली सहा मुलेमुली होती. शाळेची परीक्षा संपली त्याच आठवड्यात त्याला ताप आला, तो मेंदूत गेला आणि मुलगा गेला. त्यानंतर मी मैदानाकडे फिरकले नाही. मग पोस्टमनकाका दारात आले. आत या म्हटले तरी उंबऱ्याबाहेरच उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, नाही म्हणालात तर मी उलट शब्द बोलणार नाही. पण एकट्या मोठ्या माणसानं पथक भरवायचं नाही असा नियम आहे. पोरं फाटकापाशी येतात, मी त्यांना परत पाठवतो." मी गेले. परोपकार म्हणून गेले नाही. घरात बसवत नव्हते म्हणून गेले.

३. त्यानंतर आपले पहिले पत्र आले. पथकात पाल्य असेल त्यालाच पालक-स्वयंसेवक राहता येते, सबब माझे पद रद्द, असे त्यात होते. पाल्याने पथक का सोडले ते 'स्थलांतर', 'अभ्यास' किंवा 'अनास्था' यांपैकी एकावर खूण करून कळवावे, असेही होते. मी कशावरच खूण केली नाही. बाजूच्या कोऱ्या जागेत खरे कारण लिहिले. त्यावर आपल्या कार्यालयाने कळवले की, पाल्य पुन्हा दाखल झाल्यास पदाचा फेरविचार करण्यात येईल. हे वाक्य लिहिणाऱ्याचा मला राग आला नाही, असे लिहिणे नम्रपणाचे होईल, पण ते खोटे आहे. त्या दिवशी माझ्याकडून एक अख्खा पडदा उलटा शिवला गेला.

४. आता नोटिशीबद्दल. संघाने आपले प्रश्न संघसभेत स्वतः सोडवावेत आणि मोठ्यांनी तिथे बसू नये, ही शिकवण आपलीच. त्याप्रमाणे माझ्या मुलाच्या संघातल्या सहा जणांनी सभा घेतली आणि आपापल्या नोंदणी-अर्जावर पालक म्हणून माझे नाव लावायचे, असा ठराव केला. घरच्यांनीही मुलांच्या हट्टापुढे सह्या दिल्या. मला याचा पत्ता नव्हता. त्यांतील दोघांच्या जन्मतारखांत दोनच महिन्यांचे अंतर असल्याने ती एका मातेची असणे असंभव आहे, हा आपला निष्कर्ष मला पूर्ण मान्य आहे. मी मुलांना फैलावर घेतले. स्काउटने खोटे लिहावे का, असे विचारले. तेव्हा सगळ्यांत धाकटी म्हणाली, "खोटं कुठंय? माझी पट्टी कोण बांधतं मग?" मला पुढे रागावता आले नाही. तरी चूक ती चूक. तिची शिक्षा मला द्यावी; मुलांच्या नावापुढे शेरा मारू नये आणि पथकाला कुलूप लावू नये.

५. नियम वाईट आहे असे माझे म्हणणे नाही. ओळख ना पाळख असा कोणीही मुलांत येऊन मिसळू नये, यासाठीच तो असणार, आणि आई म्हणून तो मला पटतो. म्हणून माझी चौकशी करावी, शेजाऱ्यांना विचारावे, प्रशिक्षणाला पाठवावे. दुसरे कोणी तयार असते तर मी हट्ट धरला नसता. काकांनी घरोघरी विचारले. जो तो दुसऱ्याचे नाव सुचवतो. मला पालक म्हणून ठेवता येत नसेल, तर नुसती बाई म्हणून ठेवावे.

६. शेवटचे कारण नियमात बसणारे नाही, तरी लिहिते. दुकानात मला ताई म्हणतात, शेजारी वहिनी म्हणतात, आपल्या कार्यालयात बाई म्हणतात. सगळे जपून बोलतात, मुलाचा विषय आला की चहा विचारतात. मैदानावर मात्र मुले एकमेकांना अजून ओरडून सांगतात, "अरे, दोरी बुटक्याच्या आईकडे आहे!" बुटक्या म्हणजे माझा मुलगा. आता ही हाक मला दुसरीकडे कुठेच ऐकू येत नाही. ती बंद करू नये, एवढीच विनंती.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
आपली नम्र,
(सही)
सहायक स्वयंसेविका

दिनांक : पोचपावतीवर आहे तो.

सोबत :
१) पोस्टमनकाकांचे शिफारसपत्र.
२) मुलाच्या मृत्यूच्या दाखल्याची प्रत. आधी दिलेल्या दोन्ही प्रती आपल्याकडे सापडत नाहीत असे कळले. ही कृपया जपून ठेवावी.