गुडशेडच्या भिंतीवरचा मी

१ जानेवारी १९८७
नवी डायरी. बन्सीधर कापडवाल्यानं फुकट दिली, सोबत कॅलेंडर. संकल्प : रोज लिहिणे. पहाटे पन्नास दंड. यंदा लग्न. वय तेहतीस, पण पूर्णा स्टेशनच्या पार्सल ऑफिसात सगळे अठ्ठावीसच धरतात.
कॅलेंडरवर साबण हातात घेतलेली ओली बाई. शिसारी आली. बाईची पार वस्तू करून टाकलीय या लोकांनी. आई म्हणाली, असलं देवाजवळ लावायचं न्हाई. म्हणून माझ्या खाटेसमोर लावलं. घरात कुणीतरी सहन करायलाच हवं.

४ जानेवारी
दंड : अकरा. थंडी फार.

५ जानेवारी
चार. उन्हाळ्यात भरून काढू.

१८ जानेवारी, रविवार
वालूरला मुलगी बघितली. आतापर्यंतची नववी. नाव मनकर्णा, तिथल्याच शाळेत मास्तरीण. मी मुलींना मार्क देतो. भावनेच्या भरात चूक नको. रीतीप्रमाणे चालून दाखवायला सांगितलं, मग वेणी सोडायला. चालणे सहा. केस आठ. दात सात. रंग चार.
तिनं उलट मलाच विचारलं, ऑफिस सुटल्यावर तुम्ही काय करता? मुलीनं असं विचारायचं नसतं. केसांचा एक मार्क कापला. कळवतो म्हणालो आणि फुल साइज फोटो पाठवायला सांगितलं.
परतीच्या गाडीत तिच्या प्रश्नाचं उत्तर जुळवत बसलो. पूर्णा आलं तरी जुळलं नाही.

३ फेब्रुवारी
वाचनालयात महिला मंडळाची बैठक. अध्यक्ष केशरबाई, दवाखान्यातल्या नर्स. आठ मार्चला परिसंवाद : ‘जाहिरातीत बाईचाच बाजार होतो की पुरुषाचाही?’ नंतर गावातल्या अश्लील चित्रांना डांबर फासायचं. पुरुष वक्ता कुणी मिळेना, म्हणून मी हात वर केला. केशरबाई म्हणाल्या, बरं झालं दिनकरराव, तुमाला तर रिकामा वेळ लय असतो.
पॉइंट काढले. (अ) बाई उभी केली की लोक बाई बघतात. (ब) पुरुष उभा केला की लोक माल बघतात. म्हणून पुरुषाचा बाजार होऊच शकत नाही. (क) सुचेल.

९ फेब्रुवारी
बन्सीधर ऑफिसात आला. गुडशेडच्या, म्हणजे मालगोदामाच्या, भिंतीवर बनियनची जाहिरात रंगवायचीय. म्हणाला, छापील हिरो लोकायनं लय बघितले, आता आपल्या गावचा मर्द पायजे, आन तुमच्यासारखी छाती अख्ख्या पूर्णेत न्हाई. मी संध्याकाळपर्यंत विचार करतो म्हणालो. चहा येईपर्यंत केला. हो म्हणालो. पॉइंट (ब) प्रमाणे यात काहीच गैर नाही. मोबदला सहा बनियन.
ती भिंत प्लॅटफॉर्मसमोरच आहे. नांदेडची, परभणीची, अकोल्याची, सगळ्या गाड्यांतून दिसणार. वालूरकरही परभणीच्याच गाडीनं येतात.

११ फेब्रुवारी
फोटो काढला. स्टुडिओवाल्यानं दंडांना खोबरेल लावायला सांगितलं. मग म्हणाला वळा. हात वर. अजून वर. पोट आत. हसा. नका हसू. दोन पावलं चालून दाखवा. बन्सीधर बाजूला उभा राहून माझ्याविषयी त्याच्याशीच बोलत होता. म्हणाला, खांदे बरे हायेत, कंबर बघा काही करता आलं तर. माझ्याशी कुणी बोलेना. कलावंत लोक तऱ्हेवाईकच असतात.
दम फार वेळ धरला होता. फ्लॅश उडायच्या जरा आधी सुटला असावा. दिसणार नाही.

१७ फेब्रुवारी
वालूरहून मनकर्णाचा फोटो आला. उभी आहे, हात पुढे बांधलेले. कॅमेऱ्याकडे बघते आहे, पण फोटो तिच्या मनाविरुद्ध काढलाय हे लगेच कळतं. ऑफिसात नेला. चार माणसांचं मत घ्यावं म्हणून फिरवला. ऑफिसात बसलेल्या मुंबईकडच्या एका पाहुण्यानंसुद्धा बघितला. तो कुणाचा पाहुणा ते कळलं नाही. परत आला तेव्हा कोपऱ्यावर चहाच्या कपाचा गोल डाग. पुसला, जाईना. मला थोडं वाईट वाटलं. मग टेबलाच्या काचेखाली ठेवला, म्हणजे सुरक्षित.

१९ फेब्रुवारी
काम करताना फोटो सारखा समोर येतो. रंगाचे मार्क चारचे सहा केले. कापलेला मार्क परत दिला. पसंत असल्याचं पत्र टाकलं. खरं सांगायचं तर पोस्टमन येईपर्यंत पेटीपाशीच उभा राहिलो. हिच्याशिवाय आता दुसरी बघायची नाही.

२४ फेब्रुवारी
मुंजाजी पेंटरनं काम सुरू केलं. शिडी लावून कमरेपासून वर चाललाय. उंची बारा फूट. मुंजाजीचं काम हुबेहूब असतं. डोकं शेवटी काढणार.

२७ फेब्रुवारी
डोकं नाही.
बन्सीधर म्हणाला, मुंडकं काय करायचं, गिऱ्हाइकानं बनियन बघायचं का तुमचं तोंड? डोक्याच्या जागी दुकानाचं नाव आलं, लाल अक्षरात. मानेपासून बेंबीपर्यंत मी. पोट पूर्ण बाहेर, बनियन वर चढलेली. मुंजाजीला विचारलं, असं कसं काढलंस? म्हणाला, फोटूत हाय तेच काढलं मालक, मी मनचं काही घालत न्हाई.
एका परीनं बरंच झालं. चेहरा नाही, म्हणजे ओळखणार कोण?

२८ फेब्रुवारी
सगळ्यांनी ओळखलं. दंडावर आईनं बांधलेला ताईत आहे. गळ्याखाली तीळ आहे, तो मुंजाजीनं वाटीएवढा काढलाय. इंजिनवाले भोंगा वाजवतात. स्टेशनमास्तर म्हणाले, दिनकरराव, आज भिंतीवरून खाली कसे?
भिंतीच्या सावलीत भाजीवाल्या बसतात. त्यातल्या सुमनबाईला मी रोज मेथी घेताना भेटतो. आज मेथी देताना तिनं आधी भिंतीकडे बघितलं, मग माझ्या पोटाकडे, मग शेजारणीकडे. दोघी पदर तोंडाला लावून हसत राहिल्या. मेथी विसरून आलो. अंग झाकायला कुठं जागा मिळेना असं झालं, आणि मी तर पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला होता.

२ मार्च
मफलर घालून ऑफिसला. ऊन रणरणतं. घामोळं आलं. मुंजाजीला म्हणालो, निदान तीळ तरी पूस. म्हणाला, शेठनं सांगावं लागंल. शेठ म्हणाला, कशाला लाजायलाव, खप वाढलाय!
दंड पाच. पोट आत गेलं तर चित्र माझं नाही असं म्हणता येईल.

५ मार्च
वालूरहून मनकर्णाच्या मामांचं पत्र. मनकर्णा शाळेतल्या बाईंसोबत आठ मार्चच्या कार्यक्रमाला पूर्णेत येते आहे. तिलाही मुलगा एकदा नीट बघायचा आहे, मगच हो-नाही सांगेल.
म्हणजे तीन दिवसांत ती प्लॅटफॉर्मवर उतरणार. उतरल्या उतरल्या समोर बारा फुटांचा मी.

६ मार्च
मार्ग सापडला. डांबर! अश्लील चित्रांची यादी केशरबाईंकडे आहे. तीत चौथा नंबर मी स्वतः घालायला लावला : गुडशेडची भिंत, पुरुषदेहाचं बीभत्स प्रदर्शन. केशरबाईंनी चष्म्यातून बघितलं. म्हणाल्या, पण ते तुमीच ना वो? मी म्हणालो, प्रश्न व्यक्तीचा नाही, तत्त्वाचा आहे.
जुनं भाषण फाडलं. नवं : पुरुषाचाही बाजार होतो. पॉइंट (अ), (ब), (क) सगळे एका बैठकीत सुचले. मनकर्णाची गाडी दुपारची, म्हणून परिसंवाद आणि डांबराचा मोर्चा सकाळीच घ्यायला लावला. सगळं जमतंय.

८ मार्च, रविवार
काहीच जमलं नाही. ती सकाळच्याच गाडीनं आली.
वाचनालयात दुसऱ्या रांगेत बसली होती. माझं भाषण झालं. सांगितलं की माणसाला मान असते, नाव असतं, आणि हे लोक त्याचं डोकं उडवून पोट तेवढं ठेवतात. पहिल्यांदाच मी काहीतरी मनापासून बोललो. टाळ्या पडल्या. मनकर्णानं वाजवल्या की नाही, बघायचा धीर झाला नाही.
मग मोर्चा. सिनेमाच्या दोन पोस्टरांना आणि साबणाच्या बाईला डांबर फासलं. चौथ्या नंबरला आमच्या भिंतीपाशी आलो. केशरबाई डांबराचा डबा घेऊन उभ्या. सगळ्या बाया वर बघत होत्या. मी खाली बघत होतो. केशरबाई म्हणाल्या, बाई उघडी लावली तं आपण पुसतो, मग ह्ये बी पुसावं का? तेवढ्यात भाजीच्या टोपल्यामागून सुमनबाई म्हणाली, राहू द्या वो ताई, ह्याला बघून कुणाचं मन बिघडायलंय? उगं डांबर नासायचं.
हशा असा उसळला की फलाटावरचे हमाल धावत आले. मोर्चा पुढं गेला. डांबर माझ्यासाठी उरलं होतं, तरी गेला.
मनकर्णा एकटी थांबली. भिंतीकडे बघितलं. दोन पावलं मागं गेली, डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. मग माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाली, जरा चालून दाखवता का?
भाजीवाल्यांनी तराजू खाली ठेवले. मी चाललो. टोपल्यांपर्यंत आणि परत. पाय कुठं टाकावा ते कळेना, हातांचं काय करायचं ते तर अजिबातच. असं वाटलं की मला लहानपणापासून चालता येत नाही. घाम, मफलर. सगळ्या बघत होत्या.
ती म्हणाली, माझा फोटो द्या. ऑफिस उघडून काचेखालून काढला. तिनं डागाकडे बघितलं. विचारलं, हा किती जणांनी बघितला? मला खोटं सुचलं होतं. ते बोललो नाही. म्हणालो, सगळ्यांनी. तिनं फोटो पिशवीत ठेवला, रागावलीही नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

१५ मार्च
वालूरहून नकार. एका ओळीचा. आईला सांगितलं, मीच नको म्हणालो. आई म्हणाली, बरं.
बन्सीधरनं सहा बनियन पाठवल्या. छातीला घट्ट होतात, पोटाला तर होतच नाहीत.
कॅलेंडर उतरवलं. आई विचारते, आता तारीख कशी बघायची?

२२ मार्च
मुलींच्या मार्कांचं पान काढलं. फाडणार होतो. आठ जणींची मला नावंही आठवत नव्हती, नुसतं चालणे, रंग, केस, दात. आधी लाज वाटली नव्हती, आता एकेका आकड्यागणिक वाटली.
नवव्या नावाखाली दहावं घातलं : दिनकर, पार्सल क्लार्क, पूर्णा. दात पाच. केस, जे आहेत त्यांना चार. रंग भिंतीवर उजळ आहे, खरा तीन.
चालणे : कोरं ठेवलं. तिनं किती दिले ते सांगितलं नाही.