फ्रिजच्या दारातली ट्यूब

ती. मामा यांना भाचीचा साष्टांग नमस्कार, कपाळ आणि हनुवटी वगळून. (या दोन ठिकाणांना सध्या हात लावायचीसुद्धा बंदी आहे. कारण पुढे येईलच.) तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? मामींचा खोकला गेला, की अजून मुक्कामाला आहे? इकडे सगळे मजेत आहेत, मी सोडून, आणि त्याला कारण तुम्ही आहात.

रागावू नका. तुम्ही जन्मभर औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभे राहिलात, तेव्हा माझ्या कपाळावर आणि हनुवटीवर पुरळ उठल्यावर आईने डॉक्टरऐवजी तुम्हाला फोन करणं साहजिकच होतं. तुम्ही ती पिंपल्सची अँटिबायोटिक ट्यूब पाठवलीत आणि सोबत उपदेश, की थोडी लाव, बरं वाटलं की थांब, उरलेली जपून ठेव. पुरळ गेलं. घरात तुमचा जयजयकार झाला, आणि दुकानातही मी मामांच्या ट्यूबचे गोडवे गायले. (बाबासुद्धा म्हणाले, तुझ्या भावाला अक्कल आहे. आई हे अजून रोज एकदा तरी ऐकवते.) मग ट्यूब फ्रिजच्या दारात लोण्याशेजारी जाऊन बसली, आणि आमच्या घराचा कायदा तुम्हाला ठाऊकच आहे: एकाला लागू पडलं ते सगळ्यांचं. बाबांनी ती दाढी करताना कापलं तिथे लावली, वहिनीने डास चावला तिथे, दादाने नव्या बुटाने सोललेल्या टाचेला. आईला काहीच झालं नव्हतं, पण आपणच मागे का राहायचं, म्हणून तिने 'काही होऊ नये यासाठी' कपाळभर लावली. मी पुटकुळी आली की लावायचे, बसली की थांबायचे. संपत आली की तुम्ही दुसरी पाठवायचात. पुरळ मात्र दर खेपेला जायला जास्त वेळ घेऊ लागलं, आणि शेवटी जाईनासंच झालं.

आता मी कुठे बँकेत वगैरे असते तर खपून गेलं असतं. पण मी उभी असते त्या भल्यामोठ्या दुकानात, चेहऱ्याच्या क्रीमच्या काउंटरवर. डोक्यावर पांढरेफटक दिवे, समोर भिंगाचा गोल आरसा. गिऱ्हाईक आधी डबीकडे बघतं, मग माझ्या हनुवटीकडे, आणि डबी हळूच खाली ठेवतं. एका बाईंनी तर फार मायेने विचारलं, 'हेच लावून झालं का हो?' आमच्या मॅडमनी (आपसात आम्ही त्यांना भिंगबाई म्हणतो) मला बाजूला घेऊन सांगितलं, की कंपनीचे साहेब पाहणीला येणार आहेत. तोवर तोंड सुधारलं नाही तर खाली बादल्या आणि झाडूंच्या विभागात जायचं, तिथे कोणी तोंडाकडे बघत नाही. मामा, मला तिथेच रडू फुटलं. हे काउंटर मिळवायला मी कुणाकुणाच्या नाकदुऱ्या काढल्या, ते तुम्हाला माहीत आहे.

शेवटी ट्यूब पर्समध्ये घालून त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. ही कोण कोण लावतं, असं त्यांनी विचारलं आणि मी घरची शिरगणती सांगितली. त्यांनी पेनच खाली ठेवलं. म्हणाल्या, जंतूंना नुसत्या अँटिबायोटिकचा असा अधूनमधून, महिनोन्‌महिने रतीब घातला की कच्चे मरतात, पक्के उरतात, आणि मग त्या पक्क्यांचाच वंश वाढतो. शिवाय एका घरातली माणसं हे जंतू एकमेकांना वाटतात. म्हणजे आम्ही त्यांना मारत नव्हतो, शिकवणी लावली होती, तीही सहकुटुंब! ही ट्यूब एकटी लावायचीच नसते, सोबत बेंझॉइल पेरॉक्साइड लागतं (त्याच्यापुढे जंतूंची हुशारी चालत नाही म्हणे), आणि तेही डॉक्टर सांगतील तेवढेच आठवडे. उद्या कुणाला खरंच मोठं दुखणं झालं आणि औषधच चाललं नाही तर काय कराल, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मात्र मी घाबरले.

आता त्या पेरॉक्साइडचं जेल लावते. गुण यायला वेळ लागेल, पण कपड्यांना तो लगेच आला. त्याने कापडाचा रंग उडतो. बाबांच्या लाडक्या निळ्या टॉवेलवर माझ्या तोंडाचा नकाशा उमटला आहे, आणि ते अजून साबणाच्या कंपनीला शिव्या घालताहेत. मीही सूर मिळवते.

तेव्हा मामा, हात जोडून सांगते, यापुढे आम्हाला ट्यूब पाठवू नका. आई मागेल, गळा काढेल, तरी विरघळू नका. मामींना नमस्कार आणि पोरांना पापा, तोही लांबूनच.

तुमची, अजून बादल्यांकडे न गेलेली,
भाची

ता. क. पत्र टाकायचं राहिलं ते बरंच झालं. परवा भिंगबाईंच्या नाकाच्या शेंड्यावर टपोरी पुटकुळी उगवली. मला स्टोअररूममध्ये ओढून, दाराकडे बघत त्यांनी विचारलं, 'तुझ्या मामांची ती ट्यूब आहे का गं?' डॉक्टरीणबाईंचं सगळं सांगायला मी तोंड उघडलं, शपथ. पण डोळ्यांपुढे बादल्या आल्या आणि तोंडातून निघालं, 'आहे ना! रामबाण आहे.' (मी फेकली होती. आईने कचऱ्यातून काढून, धुऊन परत लोण्याशेजारी ठेवली होती. तीच काल नेली, त्यांना लावू दिली आणि परत आणली.) आज पुटकुळी बसली. ती तशीही बसणारच होती, पण श्रेय ट्यूबला गेलं आणि बादल्यांचा विषय मिटला. आता त्यांना स्वतःसाठी एक हवी, बहिणीसाठी एक आणि साहेबांच्या बायकोसाठी एक.

ता. क. २. म्हणून, वर लिहिलंय ते अक्षर न्‌ अक्षर खरं आहे, आणि ट्यूब पाठवा. फक्त आत औषध नको. रिकामी ट्यूब मागून उघडायची, साधं क्रीम भरायचं, कड पुन्हा घट्ट दुमडायची. जंतू अडाणी राहतील आणि मी काउंटरवर राहीन.

ता. क. ३. ही युक्ती आईला सांगितली तर ती हसत सुटली. म्हणाली, 'त्याला काय शिकवतेस? लहानपणी आम्हाला ताप आला की तो पिठीसाखरेच्या पुड्या बांधून द्यायचा.' मामा, खरं सांगा हं. तुम्ही आम्हाला पाठवलेल्या ट्यूबची मागची कड मी आत्ताच फ्रिज उघडून पाहिली. कारखान्याची घडी उलगडून ती हाताने पुन्हा दुमडलेली आहे.